आतडं काढलं, पुढे काय?

आपल्या मराठीत आतड्याला मोठा मान आहे. जवळचं माणूस म्हणजे आतड्याचं माणूस. लेक सासरी निघाली की आपलं आतडं तुटतं, कुणाचं दुःख ऐकलं की पिळवटतं. पण तेच आतडं खरोखर दुखायला लागलं, त्यातून रक्त पडायला लागलं, की आपण आवाज खाली घेतो, दार लोटून घेतो आणि मूळव्याध असेल म्हणून गप्प बसतो. आज आम्ही त्याच आतड्याबद्दल बोलणार आहोत, आणि आवाज खाली न घेता बोलणार आहोत.

विषय निघाला तो आमच्या गटातल्या एका काकूंमुळे. त्यांचं मोठं आतडं ऑपरेशन करून काढलं आणि पोटावर पिशवी लावून त्यांना घरी पाठवलं. पिशवी कशी बदलायची हे दवाखान्याच्या व्हरांड्यात पाच मिनिटांत सांगितलं, तेही त्यांना नाही, त्यांच्या मुलाला. काकू हिशोबाला पक्क्या, बोलायला रोखठोक. बैठक संपल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्याआधी कुणी बाई अशी जगलीय का गं? असली तर तिचं नाव तरी सांगा." आम्ही बी.ए. झालेल्या, डॉक्टर नव्हे. पण नावं शोधणं आम्हाला जमतं. आम्ही जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसलो, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि नावं सापडली. एक नाही, बरीच.

आधी आतडं कसं असतं ते बघू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

लहान आतडं नावाला लहान. लांबीला ते जवळजवळ २० फूट असतं, पण बारीक असतं म्हणून लहान. मोठं आतडं जेमतेम ५ फूट, पण रुंद. उजव्या मांडीच्या वर, ओटीपोटात लहान आतडं मोठ्याला येऊन मिळतं. तिथे मोठ्या आतड्याची बंद पिशवीसारखी सुरुवात आहे आणि तिला करंगळीएवढं अपेंडिक्स लोंबतं. तिथून मोठं आतडं उजव्या बाजूने वर चढतं, यकृताखाली वळतं, पोटावरून आडवं डावीकडे जातं, प्लीहेखाली पुन्हा वळतं आणि डावीकडून खाली उतरतं. शेवटी नागमोडी वळण घेऊन गुदाशयात शिरतं. म्हणजे लहान आतड्याची वेटोळी मध्ये आणि मोठं आतडं त्यांच्याभोवती दाराच्या चौकटीसारखं. चौकटीच्या दोन उभ्या बाजू पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या असतात, आडवी बाजू मात्र झोक्यासारखी सैल लोंबते. तिच्यावरून चरबीची एक जाळी खाली उतरते, तिला वपा म्हणतात. ज्यांनी बोकड कापताना पाहिलंय त्यांना ती वेगळी सांगायला नको.

मोठ्या आतड्याच्या बाहेरून स्नायूंच्या तीन पट्ट्या लांबीला जातात. त्या आतड्यापेक्षा आखूड असतात. परकराची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात, तसं ह्या पट्ट्यांमुळे आतडं जागोजागी फुगतं आणि आवळतं. सर्जनलाही पोट उघडल्यावर हे मोठं आतडं की लहान, ते ह्या चुण्यांवरून ओळखता येतं.

आणि काम काय? अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम जवळजवळ सगळं लहान आतड्यातच उरकतं. मोठ्या आतड्याकडे रोज साधारण दीड लिटर पातळ चोथा येतो. त्यातलं पाणी आणि मीठ ते ओढून घेतं, आणि बाहेर टाकायच्या मळात १०० ते २०० मिलिलिटर पाणी उरतं. त्यात राहणारे असंख्य जंतू उरल्यासुरल्या चोथ्यावर जगतात. एवढं लक्षात ठेवलं की दोन गोष्टी समजतात. एक, सगळं मोठं आतडं काढलं तरी माणूस जगतो, जेवतो, कामं करतो, फक्त पाणी आणि मीठ जास्त लागतं. दुसरी, मोठं आतडं काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलं तर बाहेर पडतं ते पातळ असतं आणि त्यात पाचकरस असतात. ते कातडीला भाजतात. ही दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

आता इतिहास. आपल्याकडचं सांगून सुरुवात करतो. सुश्रुतसंहितेत आतड्याला भोक पडलं तर काय करायचं ते लिहिलं आहे. पोट कापायचं, आतडं बाहेर घेऊन तपासायचं, फाटलेल्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावायच्या. मुंगीने जबडा रोवला की तिचं धड तोडायचं आणि डोकं तसंच ठेवायचं. मग आतडं आत सारून पोट शिवायचं. आजही दवाखान्यात आतडं जोडायला स्टेपलर वापरतात, त्याचं हे मुंगीचं रूप म्हणायला हरकत नाही. अर्थात ह्यावरून आपल्याकडे सगळं आधीच होतं म्हणून मिरवायला आम्हाला आवडत नाही. भोक शिवणं वेगळं आणि आतड्याचा तुकडा काढणं वेगळं.

तुकडा काढला गेल्याची जी जुनी नोंद आम्हाला सापडली, ती एका म्हातारीची. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम चेसेल्डन नावाचे नावाजलेले सर्जन होते. त्यांनी आपल्या शरीररचनेच्या पुस्तकात मार्गारेट व्हाइट नावाच्या बाईची हकिगत दिली आहे. पन्नाशीत तिला बेंबीशी हर्निया झाला. तो अंगावर काढत ती त्र्याहत्तर वर्षांची झाली. मग एक दिवस पोटात कळ आली, उलट्या झाल्या आणि तो फुटला. सर्जन पोचले तेव्हा जवळजवळ साडेसव्वीस इंच आतडं बाहेर लोंबत होतं आणि सडलं होतं. त्यांनी सडलेला भाग काढला आणि चांगल्या आतड्याचं टोक बेंबीशी तसंच राहू दिलं. ते तिथेच चिकटलं. बाई बरी झाली आणि पुढे अनेक वर्षं जगली, बेंबीतून शौच होत. भुलीचं औषध नव्हतं, जंतू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि बाई त्र्याहत्तरची! काकूंना हे नाव सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिला कुणी पिशवी दिली असेल?" नोंदीत त्याबद्दल एक अक्षर नाही. ती काय बांधत होती, कसं धूत होती, शेजारी काय म्हणत होते, ह्यातलं काहीच सर्जनना लिहावंसं वाटलं नाही. इतिहासात असं फार वेळा होतं. कापलं किती ते इंचात लिहिलेलं असतं आणि जगली कशी ते एका ओळीत संपतं.

मार्गारेटबाईंचं तोंड शरीराने आपणच उघडलं होतं. मुद्दाम उघडण्याची कल्पना फ्रान्समधल्या अलेक्सी लित्र ह्यांनी १७१० मध्ये मांडली. गुदद्वार बंद असलेलं एक तान्हं बाळ दगावलेलं त्यांनी पाहिलं होतं. ती कल्पना अशा बाळाच्या कामी यायला १७९३ साल उजाडलं. ब्रेस्त ह्या फ्रान्सच्या बंदरात द्युरे नावाच्या सर्जनने तीन दिवसांच्या बाळाच्या डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं. ते बाळ पंचेचाळीस वर्षं जगलं. त्याच्या आईचं नाव आम्हाला कुठे मिळालं नाही.

आतड्याचा तुकडा काढून टोकं पुन्हा जोडायची तर टाका असा हवा की आतली घाण बाहेर झिरपणार नाही. हे कोडं १८२६ मध्ये आंत्वान लांबेर ह्या तरुण फ्रेंच माणसाने सोडवलं, आणि ते शिवणकामवाल्या आमच्या बायकांना एका मिनिटात कळलं. कापड जोडताना आपण काय करतो? सुलट बाजू समोरासमोर ठेवून टीप मारतो, म्हणजे कच्च्या कडा आत जातात. लांबेरने आतड्याच्या बाहेरच्या बाजू एकमेकींना भिडवल्या आणि कडा आत वळवल्या. आतड्याच्या बाहेरच्या आवरणाचा गुण असा, की अशा दोन बाजू टेकल्या की त्या लवकर चिकटून एकजीव होतात. तोवर डॉक्टर कडेला कडा लावून शिवत होते आणि माणसं पोटात पू होऊन मरत होती. पुढे १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टर ह्यांनी जंतुनाशकाचा वापर मांडला, आणि एकोणिसावं शतक संपताना पोट उघडणं म्हणजे मरण असं राहिलं नाही.

रक्ताचा पुरवठा हे आणखी एक शास्त्र. आतड्याला रक्त एका पातळ पडद्यातून येतं आणि त्या पडद्यात रक्तवाहिन्या पाटासारख्या फाटे फोडत जातात. वरचा पाट तोडला तर खालचं वावर वाळतं. म्हणून सर्जन आतडं मनाला येईल तिथे कापत नाही. कुठली वाहिनी बांधायची आणि उरलेल्या टोकांना पाणी कुठून पोचेल, हे पाहून तो काप ठरवतो. उजवी बाजू काढायची, डावी काढायची की सगळंच, हे निम्मं आजारावर ठरतं आणि निम्मं ह्या पाटांवर.

हात शिकले, भीती गेली. मग जे झालं ते मात्र आम्हाला वाचताना जड गेलं.

लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे फार कुशल सर्जन होते. मोडलेली हाडं पट्टी आणि स्क्रूने जोडण्यात त्यांचं मोठं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मनाने घेतलं की बद्धकोष्ठ हे सगळ्या रोगांचं मूळ आहे. मळ आतड्यात साचतो, त्याचं विष रक्तात जातं आणि माणूस आतून नासतो, असं ते म्हणत. मोठं आतडं हे शरीरातलं गटार आहे, नसलं तरी चालेल, असं त्या काळात बऱ्याच विद्वानांना वाटत होतं. पुढे नोबेल मिळालेले मेचनिकॉफ ह्यांचंही मत तसंच होतं. लेन ह्यांच्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त. तक्रारी काय, तर थकवा, हातपाय गार पडणं, अंग न धरणं, चेहरा निस्तेज, मन उदास, पोट साफ नाही. मैत्रिणींनो, ही यादी आपल्यापैकी कुणाची नाही? लेन ह्यांनी आधी आतड्याला बाजूने वाट काढून द्यायला सुरुवात केली, मग थेट मोठं आतडंच काढायला. कॅन्सर नाही, जखमा नाहीत, फक्त बाई थकलेली आहे आणि तिला साफ होत नाही.

लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये १९१३ साली ह्यावर मोठा वाद झाला आणि बऱ्याच डॉक्टरांनी हे थोतांड आहे असं तोंडावर सांगितलं. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ ह्यांनी दाखवून दिलं की बद्धकोष्ठाने डोकं जड होणं, मळमळणं हे विषामुळे नसतं. गुदाशय ताणला जातो म्हणून तसं वाटतं, आणि पोट मोकळं झालं की लगेच बरं वाटतं. विष एवढ्या लगेच रक्तातून कसं जाईल? साधा प्रश्न, पण तो विचारायला कैक बायकांची आतडी जावी लागली. नाटककार बर्नार्ड शॉ ह्यांनी १९०६ मध्येच एका नाटकात असा सर्जन रंगवला होता, जो प्रत्येक रोग्यात एकच अवयव शोधतो आणि कापतो. तो अवयव शॉने मनानेच बनवलेला! लोक हसले, ऑपरेशनं चालू राहिली.

आपल्याकडे दर रविवारी मुलांना एरंडेल पाजणाऱ्या आज्या होत्या. पोट साफ तर सगळं साफ ही समजूत आपलीही आहे. पण आजीच्या हातात चमचा होता, सुरी नव्हती.

अमेरिकेत तर ह्याहून वाईट झालं. न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन ह्यांना वाटे की वेड हे शरीरात कुठेतरी लपलेल्या जंतूंमुळे लागतं. ते रुग्णांचे दात काढत, टॉन्सिल काढत, आणि तरी बरं वाटलं नाही तर मोठं आतडं. आतडं काढलेल्यांत दर तीनातलं जवळजवळ एक माणूस दगावत असे, आणि आम्हाला यश मिळतंय अशा बातम्या छापून येत. त्यांचं काम तपासायला १९२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून एक तरुण डॉक्टरीणबाई पाठवल्या गेल्या, फिलिस ग्रीनेकर. बाईंनी नोंदी चाळल्या, रुग्ण गाठले, एकेकीची चौकशी केली. निष्कर्ष उलटाच निघाला. ज्यांच्यावर सर्वांत जास्त उपचार झाले तीच माणसं जास्त मेली आणि कमी सुधारली. ज्यांना कुणी हात लावला नव्हता ती बरी निघाली. त्यांनी तसा अहवाल दिला. वरिष्ठांनी तो दाबून ठेवला. कॉटन ह्यांचं काम त्यानंतरही चालत राहिलं. आमच्या काकूंना द्यायच्या यादीत आम्ही फिलिसबाईंचं नाव घातलं आहे. त्यांनी आतडं काढून घेतलं नाही, तरी हिशोब तपासणारी बाई आपल्या गटातच शोभते.

ह्याचा अर्थ मोठं आतडं काढणं म्हणजे नेहमीच अन्याय, असं कुणी घेऊ नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते काढणं हाच मुख्य इलाज आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आजार असतो. त्यात आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात, दिवसाला दहा-पंधरा वेळा रक्ताचे जुलाब होतात, आणि औषधं हरली तर आतडं काढल्यानेच जीव वाचतो. काही घराण्यांत मोठ्या आतड्यात शेकडो गाठी येण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या येतो आणि त्यांचा पुढे कॅन्सर होतो. तिथेही वेळेवर काढणं शहाणपणाचं. आपल्याकडे क्षयरोगसुद्धा आतड्याला होतो, बहुतेक वेळा लहान-मोठं आतडं जुळतं तिथे. तो मात्र औषधाने बरा होतो, ऑपरेशन क्वचित लागतं.

तर खरी गरज असलेल्या माणसांचं काय होत होतं? १९५० च्या आधी कोलायटिसच्या रुग्णाचं मोठं आतडं काढलं, लहान आतड्याचं टोक पोटावर आणलं, की जीव वाचे आणि हाल सुरू होत. मघाशी सांगितलेले ते भाजणारे पाचकरस. पोटाची कातडी सोलून निघे. माणसं कापडाच्या घड्या बांधत, पत्र्याच्या किंवा काचेच्या वाट्या पट्ट्याने अडकवत, वास लपवायला धडपडत. शिकागोमध्ये केनिग नावाच्या एका रुग्णाने, तो रसायनशास्त्र शिकलेला होता, कातडीला चिकटणारी रबरी पिशवी तयार करवली. त्याच्या सर्जनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती इतर डॉक्टरांपुढे मांडली. मोठी सुधारणा होती, पण पिशवी जाड, जड, रोज धुऊन पुन्हा वापरायची.

पोटावर जे तोंड काढतात त्याला स्टोमा म्हणतात. त्यातही एक खोट होती. आतड्याची बाहेरची बाजू उघडी राहायची, रसांनी सुजायची आणि तोंड आवळायचं. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक ह्यांनी ते टोक ब्लाउजच्या बाहीसारखं दुमडलं आणि कडा कातडीला शिवली. बाही दुमडली की आतली बाजू बाहेर येते ना? तसंच आतड्याचं ओलसर अस्तर बाहेर आलं. ते ह्या रसांना सवयीचंच. शिवाय तोंड थोडं वर उचललेलं राहिलं, म्हणून पाणी कातडीवर न पसरता पिशवीत पडू लागलं. एवढीशी दुमड. आज सत्तर वर्षांनीही तशीच घालतात.

आणि आता त्या दोघी, ज्यांच्यासाठी आम्ही हे बोलणं मांडलं. दोघींची गोष्ट १९५४ सालची, दोन वेगवेगळ्या देशांतली, एकमेकींना ठाऊक नसलेली.

डेन्मार्कमध्ये एलिस सोरेन्सन घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी परिचारिका होती. तिची बहीण थोरा, वय बत्तीस, हिच्या पोटावर स्टोमा झाला. बरी झाली, पण घराबाहेर पडेना. गळेल, वास येईल, चारचौघांत फजिती होईल ही धास्ती. एलिसला वाटलं, इलाज औषधात नाही, पिशवीत आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी असावी, तिला चिकटपट्टीची गोल कड असावी, वापरावी आणि टाकून द्यावी. ही कल्पना घेऊन ती प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या आगे लुई-हान्सन ह्यांच्याकडे गेली. त्यांना ते पटेना. पण त्यांची बायको योहाने स्वतः परिचारिकेचं शिकलेली होती. अशी पिशवी म्हणजे रुग्णाला काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिने नवऱ्याच्या मागे लागून ते करवून घेतलं. पहिल्या खेपेला हजारएक पिशव्या झाल्या. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या पिशव्या आज जगभर जातात. थोरासाठी केलेली वस्तू लाखो पोटांवर लागली. बहिणीचं आतडं तुटलं, ते असं.

दुसरी अमेरिकेतली, ओहायो राज्यातल्या अक्रन गावची नॉर्मा गिल. लेकुरवाळी बाई. कोलायटिसने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. १९५४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रुपर्ट टर्नबुल ह्यांनी तिचं ऑपरेशन केलं आणि पोटावर स्टोमा आला. ती उठली, हिंडूफिरू लागली, आणि आपल्या भागात ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांच्या घरी स्वतःहून जाऊ लागली. पिशवी कशी कापायची, कातडी कशी जपायची, काय खाल्लं की काय होतं, हे सगळं अनुभवाचं. पगार नाही, हुद्दा नाही. डॉ. टर्नबुल ह्यांचं मोठेपण असं की त्यांना ही बाई उपटसुंभ वाटली नाही. १९५८ मध्ये त्यांनी तिला क्लिनिकमध्ये कामावर घेतलं. तिच्याकडे नर्सिंगची पदवी नव्हती. तिच्या पोटावर स्टोमा होता, हीच तिची पात्रता. १९६१ मध्ये दोघांनी तिथेच हे काम शिकवणारी शाळा काढली, आणि सुरुवातीला शिकायला आलेल्यांत अशी ऑपरेशनं झालेली माणसं बरीच होती. ह्या कामाला एंटेरोस्टोमल थेरपिस्ट असं नाव मिळालं. पुढे त्यासाठी परिचारिका असणं आवश्यक झालं. १९७८ मध्ये इटलीतल्या मिलानला ह्या कामातल्या सगळ्या देशांच्या लोकांची जागतिक परिषद स्थापन झाली, तीही नॉर्माबाईंच्या पुढाकाराने.

नॉर्माची गोष्ट वाचताना आम्हाला आमच्या घरभेटी आठवल्या. कर्ज थकलेल्या बाईकडे बँकेचा साहेब जातो तेव्हा ती मागच्या दाराने निघून जाते. पूर्वी स्वतःचं थकवून मग फेडलेली बाई गेली की ती चहा टाकते.

सर्जनही थांबले नव्हते. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात ॲलन पार्क्स आणि जॉन निकल्स ह्यांनी लहान आतड्याचीच घडी करून आत पिशवी शिवली आणि ती गुदद्वाराशी जोडली. काही जणांची बाहेरची पिशवी त्यामुळे कायमची सुटते. आता दुर्बिणीने, लहान छेदांतूनही मोठं आतडं काढतात. पण सगळ्यांना हे चालत नाही, आणि बाहेरची पिशवी लागणाऱ्या बायका आपल्या तालुक्यात आजही आहेत, फक्त त्या सांगत नाहीत. कुणी देवघरात जायचं सोडलं आहे, कुणी लग्नाला जात नाही, कुणी दिवसभर पाणी पीत नाही. हे शेवटचं तर सगळ्यांत घातकी, कारण पाणी ओढून घेणारं आतडंच आता नाही.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमासाठी वेगळं क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा रुग्णांची संघटनाही मुंबईतली, गेली कित्येक दशकं चाललेली. काकू तिथे जाऊन आल्या. त्यांच्यासारखीच पिशवी लावलेल्या एका बाईंनी त्यांना पिशवीच्या चकतीचं भोक स्टोमाच्या मापाने कसं कापायचं ते दाखवलं. तेवढ्याने कातडीची आग थांबली.

शेवटी कामाची एक गोष्ट. कुणाच्या घरी असं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना आधी विचारा, स्टोमाची जागा कुठे? ती ऑपरेशनच्या आधी, रुग्ण शुद्धीवर असताना, पोटावर पेनने खूण करून ठरवायची असते. निजून, बसून आणि उभं राहून, वाकल्यावर घडी कुठे पडते ते बघून. आपल्या बायकांनी आणखी दोन गोष्टी करून दाखवाव्यात. एक, उकिडवं बसून. आणि दुसरी, नेहमीसारखी साडी नेसून, म्हणजे परकराची नाडी आणि निऱ्या कुठे येतात ते त्यांना दिसेल.